ज्वालामुखीचे मालक

गुलाबभाईंच्या रानात मोठ्यानं शिंकायला बंदी होती.

तशी पाटी कुठं लावलेली नव्हती. पण बांधावर पाय ठेवला की गुलाबभाई हात आडवा घालायचे. "पंपराव, नाकात काय वळवळत आसंल तर हितंच उरकून घ्या. वर शिंकायचं न्हाय."

का, तर खाली ज्वालामुखी झोपलाय. आणि इतकी वर्षं झोपलेल्याची झोप आता सावध झालेली असणार.

मी एकदा शिंकलोच. बाजरीचं कूस नाकात गेलं होतं, माझा इलाज नव्हता. गुलाबभाई ताबडतोब पोटावर पडले, कान जमिनीला लावला आणि मला हातानंच 'हलू नका' अशी खूण केली. मी एका पायावर उभा. बऱ्याच वेळानं ते उठले, दाढीची माती झटकली आणि म्हणाले, "वाचलो. कूस बदलली फक्त."

माझं शेळगावात पंपाच्या मोटारी रिवायंडिंगचं दुकान आहे, म्हणून मी पंपराव. माझं खरं नाव गुलाबभाईंना ठाऊक असावं, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही. माझं थोडंसं रान त्यांच्या रानाच्या पायथ्याला लागून. त्यामुळं ज्वालामुखी उसळला तर पहिला मी जाणार, आणि मला वेळेवर कळवणं हे त्यांचं शेजारधर्माचं काम, असं ते मला नेहमी सांगायचे.

आता या ज्वालामुखीविषयी. आमच्याकडं डोंगर म्हणजे फार काही नसतं. घाटाकडच्या पाहुण्याला आमचा डोंगर दाखवला तर तो आमच्या खांद्यावरून पलीकडं बघत विचारतो, "कुठंय?" पण टेकाड असलं तरी उतार खरा आहे आणि दगड तर अगदीच खरे आहेत. वर माथ्याला सगळा मुरूम, मध्ये उतारावर कुठं वीतभर, कुठं हातभर काळी चिकण माती, तिच्यात डोक्याएवढे गोटे, आणि तिच्याखाली सलग काळा पाषाण. पाऊस पडला की ती माती अशी चिकटते की चार पावलांत माणूस वीतभर उंच होतो. ऊन पडलं की अशी भेगाळते की भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. दगड वेचावेत तर दुसऱ्या साली तितकेच पुन्हा वर. माती फुगते, आकसते आणि खालचे गोटे वर ढकलत राहते. गुलाबभाईंना मात्र हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते दगड पिकत होते. "बिनखताचं, बिनपाण्याचं, बिनफवारणीचं पीक. सांगा, कुणाच्या रानात येतं?"

ज्वालामुखी त्यांना एका सहलीत सापडला. बारामतीकडून कॉलेजची पोरं आली होती. त्यांच्या सरांनी एक दगड फोडून दाखवला आणि सांगितलं, की हा सगळा खडक फार फार वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेल्या तप्त रसाचा आहे. गुलाबभाई ऐकत उभे होते. त्यांचे डोळे मोठे मोठे होत गेले.

"म्हंजे माझं रान ज्वालामुखीवर हाय?"

"तसं म्हणा. पण आता काही नाही, तो केव्हाच मेला."

"मेला म्हणता," गुलाबभाई म्हणाले, "मयत कुणी बघितली?"

सरांनी हातातला दगड खाली टाकला. ते पोरांना घेऊन घाईघाईनं बसकडं गेले.

त्या दिवसापासून गुलाबभाई शेतकरी राहिले नाहीत, ज्वालामुखीचे मालक झाले. त्यांच्या रानातली मटकी शिजायला कमी जळण लागतं, कारण ती आतूनच गरम. तिथली ज्वारी खाल्लेल्याला थंडी वाजत नाही. त्यांची शेळी दोनदा जुळी व्याली, तेही ज्वालामुखीमुळंच. बकऱ्याचा त्यात काय संबंध, असं मी विचारलं, तर म्हणाले, "निमित्तमात्र."

एकदा माती तपासायला सरकारी साहेब आले. त्यांनी चार ठिकाणी टिकाव मारून बघितला. चारही ठिकाणी तो खण्ण वाजला. साहेब घाम पुसत म्हणाले, "गुलाबराव, जमीन हलकी आहे. उताराची, गोट्यांची. पाणी धरत नाही, आणि धरलं तर सोडत नाही."

"म्हंजे स्वाभिमानी," गुलाबभाई म्हणाले.

"खोलीच नाही हो जमिनीला."

"हाय की. खाली ज्वालामुखीपातुर खोलीच खोली हाय. तुमचा टिकाव आखूड हाय."

साहेब गेले. आणि दुसऱ्या दिवशी गावभर झालं की खुद्द सरकारी साहेबांनी गुलाबभाईंची जमीन 'हलकी' म्हणजे पचायला हलकी ठरवली आहे.

गुलाबभाईंना एक धाकटा भाऊ. अमीन. लहानपणी तापात त्याचा डावा पाय वाळला. पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, हातात काठी. चालताना कुणी हात धरायला गेलं की तो काठीच उगारायचा. त्याचं रान खाली, कालव्याच्या कडंला. सपाट, काळंभोर, हात घातला तर दगडाचा खडाही लागायचा नाही. तिथं त्याचा ऊस असा उभा असायचा, की आत शिरलेलं माणूस हाका मारून बाहेर काढावं लागायचं.

दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा मी नुकताच दुकान टाकत होतो. पंच म्हणून सोपानआबा होते. आबांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, त्यामुळं आसपासचा दगड अन् दगड त्यांच्या ओळखीचा. आबांनी विचारलं, "वडीलकीच्या मानानं पहिला हक्क गुलाबचा. बोल, कुठली घेतोस?" लोकांनी मान कालव्याकडं वळवलीसुद्धा होती. तोवर गुलाबभाई टुणकन उभे राहिले आणि ओरडले, "डोंगर माझा! कुणी मधी बोलायचं न्हाय! डोंगर माझा म्हंजे माझा!"

सगळे थक्क. आबांच्या हातातला तंबाखू सांडला. गावानं त्या दिवशी गुलाबभाईंना येडा ठरवलं आणि पुढं त्यांनी तो निकाल बदलायची कुणाला संधी दिली नाही.

अमीन मात्र दर दुपारी त्यांना फोन करायचा. जेवलास का, एवढंच विचारायला. एका मे महिन्यात गुलाबभाईंचा मोबाईल खिशातून सटकला आणि सरळ भेगेत गेला. त्याआधी त्याच जमिनीनं त्यांची एक चप्पल, चुन्याची डबी आणि खुरपं गिळलं होतंच. पण मोबाईल चालू होता. दुपारी अमीनचा फोन आला आणि जमिनीच्या पोटातून कोंबडा आरवायला लागला. ती त्यांची रिंगटोन.

मी ओरडा ऐकून वर धावलो. बघतो तर गुलाबभाई पालथे पडून भेगेत तोंड घालून ओरडतायत, "अमिन्या! मी हितंच हाय! जेवलो! भाकरी आन् पिठलं! तू जेवलास का?"

कोंबडा आरवून थांबला. पुन्हा आरवला.

"आरं जेवलो म्हणतोय न्हवं!"

आम्ही काठीनं, तारेनं, शेवटी माझ्या दुकानातल्या लोहचुंबकानं प्रयत्न केला. फोन आणखी खाली गेला. तासाभरात पायथ्याशी अमीनची तीनचाकी स्कूटर येऊन थांबली. तोंड पांढरं पडलेलं. तो खालूनच हाका मारायला लागला. गुलाबभाई ठेचकाळत, गोट्यांवरून घसरत खाली पळाले.

"फोन का उचलत न्हाईस?"

"ज्वालामुखीनं चार्जिंगला घेतलाय."

अमीननं काठी उगारली, पण मारली नाही. स्कूटर वळवली आणि गेला. तो कधी वर येत नसे. पायथ्यापर्यंतच. आणि त्याला 'वर ये' असं गुलाबभाईंनी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

आता कांद्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं कांद्यानं झालं.

गुलाबभाई दर साली भावाला एक गोणी कांदा द्यायचे. ज्वालामुखीचा कांदा. चिरताना डोळ्यांत पाणी येत नाही म्हणे. मोठा, लालबुंद, गोल. माझ्या मनात यायचं, या दगडांत कांदा कुठल्या कोपऱ्यात येतो? रान तर मला इथून तिथवर दिसतं. पण ज्याच्या रानात ज्वालामुखी मावतो त्याच्या रानात कांदाही मावत असेल, म्हणून मी विचारलं नाही.

मग एकदा इंदापूरच्या बाजारात ते मला दिसले. एका व्यापाऱ्यापुढं उकिडवे बसून कांदा निवडत होते. एकेक कांदा उचलून असा बघत होते जसा काही मुलीसाठी नवरा बघतायत. गोणी भरली. मग त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली. पुडीत त्यांच्या रानातली माती. ती पाण्यात कालवून ते वरच्या कांद्यांना फासायला लागले.

"गुलाबभाई, हे काय?"

ते दचकले. मग गंभीरपणे म्हणाले, "चव उतरावी म्हणून."

मी हसत हसत घरी आलो. येडेपणात आणखी एकाची भर, एवढाच मी त्याचा अर्थ लावला.

पण त्या सालचा कांदा फारच भारी निघाला. अमीनच्या घरी पाहुणे जेवायला आले, त्यांनी कांदा वाखाणला. अमीननं मटकीची, ज्वारीची, शेळीच्या जुळ्यांची सगळी आठवण काढली. इतकी वर्षं ऐकलेला ज्वालामुखी त्या जेवणात त्याच्या डोक्यात पेटला. आणि दोन दिवसांनी त्यानं सोपानआबांना आणि मला निरोप धाडला. वाटणी पुन्हा करायची. डोंगराची जमीन आपल्याला पाहिजे.

आम्ही अमीनच्या अंगणात बसलो. श्रावण होता, बाहेर चिखल. गुलाबभाई येऊन एका कडेला टेकले. नेहमीसारखे नव्हते, गप्प होते.

"आबा," अमीन म्हणाला, "भाईनं पहिली निवड केली तवा मी गप बसलो. मला वाटलं, थोरला हाय, घेऊ दे. पर आता कळतंय. ही सपाट जमीन पाणी पिऊन पिऊन खारट, चोपण व्हाया लागली. आन् तितं वर कांदा असा येतोय! भाईला तवाच ठावं होतं. मी चढू शकत न्हाय, माझ्याच्यानं तितं जाऊन बघणं व्हायचं न्हाय, म्हणून त्यानं डोंगर गिळला. पांगळा बघून फसवलं मला."

मी गुलाबभाईंकडं बघितलं. वाटलं आता ते ज्वालामुखीचं काहीतरी काढतील. पण ते खाली बघत म्हणाले,

"व्हय. फसवलं."

सोपानआबा ताठ झाले. "आरं गुलाब, काय बोलतोस? अमीन, ऐक, मी तुला सांगतो, त्या टायमाला..."

"आबा," गुलाबभाईंनी कप उचलून त्यांच्या हातात कोंबला, "च्या गार हुतोय. प्या. प्या म्हणतो न्हवं!" आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला जमीन आवडली, मी घेतली. थोरला हुतो, मान माझा हुता. आता देत न्हाय."

"देत न्हाईस?"

"न्हाय."

"मग उद्या मी चढून बघणार," अमीन काठी आपटत म्हणाला. "माझ्या बापाची जमीन हाय. कुठं काय पिकतं ते डोळ्यांनी बघणार, मग बोलू."

संध्याकाळी मी गुलाबभाईंच्या घरी गेलो. ते गोठ्यात होते. जैनबभाभी चुलीपुढं बसल्या होत्या. मी म्हणालो, "भाभी, हा काय प्रकार? भाई खरं का सांगत नाहीत? तिथं कुसळाशिवाय काही येत नाही हे मी रोज बघतो."

भाभी भाकरी थापत राहिल्या. माहेर बावड्याचं. बोलणं मोजकं.

"वाटणीच्या आदल्या दिशी दोघं भाऊ रान बघाया गेलते," त्या म्हणाल्या. "अमीनभाई चढता चढता खालच्याच उतारावर पडले, वरचं रान बघितलंच न्हाय. गोटा सरकला आन् खालपातुर घरंगळत आले. तोंड फुटलं. घरी येऊन म्हणाले, कुणाला सांगू नका, आन् मला पांगळा म्हणून कुणी चांगली जमीन देऊ नका, दिली तर मी घेणार न्हाय. लई ताठ हायत ते. मग ह्यांनी रातभर इचार केला, आन् सकाळी 'डोंगर माझा' म्हणून बोंब ठोकली."

"पण आता तरी..."

"आता सांगितलं तर एवढ्या वर्सांची भीक हुईल ती," भाभी म्हणाल्या. "त्याच्या पदरात टाकलेली. त्यापरीस लबाड म्हणूदे, म्हणतात."

तव्यावरची भाकरी फुगली.

सकाळी आम्ही पायथ्याशी जमलो. अमीन, गुलाबभाई, मी. आबा खाली लिंबाखाली बसले, त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच रजा घेतलेली. रात्रीतून पाऊस पडून गेलेला. गुलाबभाईंनी शेवटचा प्रयत्न केला.

"अमिन्या, आज मंगळवार. ज्वालामुखीचा उपास असतो. चिडका असतो आज."

"बाजूला हो."

अमीन चढायला लागला. काठी टेकायची, चांगला पाय पुढं, मग वाळला पाय ओढायचा. माती लगेच चिकटली. कॅलिपरच्या पट्ट्यांत, बुटाच्या तळाला, काठीच्या टोकाला. थोड्या अंतरात त्याचा पाय लोढण्याएवढा झाला. गोटे पायाखालून सरकत होते. गुलाबभाई त्याच्या एक पाऊल खाली, दोन्ही हात पसरून, पण अंगाला न लावता चालले होते, जसं एखादं भांडं पडेल म्हणून माणूस खाली हात धरून उभं राहतं. अमीननं मागं बघितलं की ते पटकन हात पाठीमागं घेऊन ढगांकडं बघायचे.

अर्ध्यावर अमीन थांबला. श्वास छातीत मावत नव्हता. तो एका गोट्यावर बसला. आणि बसल्या बसल्या काठीनं माती टोकरायला लागला.

खण्ण.

त्यानं काठी जरा बाजूला रोवली. खण्ण. पलीकडं. खण्ण. हात पोचेल तितकं सगळीकडं त्यानं टोचून बघितलं. मग तो थांबला. समोर तुरळक बाजरी होती, गुडघ्याएवढी, पिवळी, गोट्यांच्या फटीतून माना काढलेली. बाकी दगड. खाली कालव्याच्या कडंला त्याचा स्वतःचा ऊस हिरवागार दिसत होता. तो तिकडं खूप वेळ बघत राहिला.

"भाई."

"हं."

"कांदा कुठं येतो?"

गुलाबभाईंनी वर बघितलं. "वर. त्या टकुऱ्याच्या पल्याड."

"पल्याड आपली हद्द हाय?"

"...थोडी हाय."

बाजरीचं एक ताट अमीननं हातानं ओढलं. ते मुळासकट सहज आलं. मुळाला मूठभर माती, तिच्यात खडे. त्यानं ते परत त्या जागी रोवलं आणि वरून अंगठ्यानं दाबलं.

"भाई, ही जमीन लई वाईट हाय का रं?"

आता सांगतील असं वाटलं.

"येडा का खुळा तू?" गुलाबभाई म्हणाले. "लई भारी हाय. म्हणून तर तुला देत न्हाय."

अमीननं मान वर केली. अमीनच्या डोळ्यांत पाणी होतं, पण गालात हसू यायला लागलं होतं, आणि त्याला ते दोन्ही एकदम आवरत नव्हतं.

"लबाड हायस तू," तो म्हणाला. "पहिल्यापासनं लबाड."

"व्हय."

"एक नंबरचा."

"व्हय म्हणतोय न्हवं."

अमीननं उठायला काठी टेकली, ती घसरली. गुलाबभाईंचा हात पुढं आला आणि मध्येच अडखळला. मग ते एकदम कण्हले आणि स्वतःचा गुडघा धरून वाकले. "आयो! अमिन्या, माझा गुडघा गेला बघ. मला खाली न्हे रं बाबा, एकट्याला जमायचं न्हाय."

गुलाबभाईंचे गुडघे कसे आहेत हे सगळ्या शिवारानं बघितलं होतं. अमीननंही बघितलं होतं. तो क्षणभर त्या गुडघ्याकडं बघत राहिला. मग त्यानं आपला खांदा पुढं केला. "धर."

ते दोघं सावकाश खाली उतरले. मी मागं राहिलो. गोटे सरकत होते, पण कुणी पडलं नाही.

लिंबाखाली आबा उठून उभे राहिले. "काय ठरलं?"

"डोंगर भाईकडंच ऱ्हाऊ द्या, आबा," अमीन मोठ्यानं म्हणाला. "बघून आलो मी. लई तापट माती हाय. मला झेपायची न्हाय."

गुलाबभाईंना यावर काहीतरी बोलता आलं असतं. ज्वालामुखीवर बोलायची संधी त्यांनी आजवर सोडलेली नव्हती. पण ते आमच्याकडं पाठ करून दगडावर बसले आणि चपलेची माती काडीनं खरवडायला लागले. चप्पल कधीच स्वच्छ झाली होती. तरी ते खरवडतच राहिले, आणि अमीन त्यांच्या शेजारी उभा राहून निघायची घाई न करता थांबला.